दाखल्यावरची सही

न्हावा शेवा हे नाव आज जगभरच्या जहाज कंपन्यांच्या कागदांवर असते. 26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि न्हावा आणि शेवा ही दोन गावे एका जोडनावाने ओळखली जाऊ लागली. त्याआधी इथे मिठागरे होती, खारीतली भातशेती होती, खाडीतली मासेमारी होती. आधी नवी मुंबईसाठी आणि मग बंदरासाठी जमिनी गेल्या. शेवा कोळीवाडा उठला आणि हनुमान कोळीवाडा या नावाने उरणजवळ वसवला गेला. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी झालेल्या गोळीबारांत पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून आले.

शिक्षकाच्या आचरणाविषयीच्या पुस्तकात हे सगळे कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण या पुस्तकाच्या मुळाशी आहे. या भागात जमीन ही एकच मिळकत होती. ती गेल्यावर आईबापांनी मुलांच्या हाती काय द्यायचे, तर शिक्षण. मोबदल्याचा पैसा काही घरांत टिकला, बऱ्याच घरांत टिकला नाही. बंदरात, गोदामात किंवा कंटेनर यार्डात काम मागायला गेलेल्या पोराच्या हातात दोन कागद असायचे, एक प्रकल्पग्रस्ताचा दाखला आणि दुसरा शाळेचा. पहिला सरकारने दिलेला, दुसऱ्यावर मुख्याध्यापकाची सही. पहिल्याने अर्ज घेतला जातो. कामावर टिकायचे तर दुसऱ्या दाखल्यामागचा अभ्यास खरा असावा लागतो. दाखला सांगतो की मुलगा दहावीपर्यंत शिकला, आणि मालाच्या चलनावरचा मजकूर त्याला धड वाचता येत नसेल, तर ती सही खोटी ठरते. या खोटेपणाची नोंद कुठल्याही पोलीस ठाण्यात होत नाही. पण ज्या घराची जमीन गेली त्या घराची दुसरी मिळकतही गेलेली असते, आणि ती घेणारा समोरच्याच शाळेत खुर्चीवर बसलेला असतो.

म्हणून शिक्षकी पेशातली नीती हा सुविचाराच्या फळ्यावरचा विषय नाही. इतर कुठे तो तसा वाटत असेल, उरण-पनवेलच्या पट्ट्यात वाटू नये.

शिक्षकाची सही किती दूर जाते याचा आपण फारसा विचार करत नाही. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. जाड पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवलेले. त्यात मुलाचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण हे एका ओळीत असते. महाराष्ट्रात एका पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो. आईला जन्माची तारीख आठवत नव्हती, तेव्हा शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने गुरुजींनी ती लिहून टाकली. त्या एका ओळीवर पुढे नोकरीतून निवृत्त होण्याचा दिवस ठरला. 2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या शाळांची रजिस्टरे बाहेर निघाली. कधीच्या काळी कुणा मास्तरांनी बोरूने किंवा टाकाने लिहिलेला एक शब्द आज कुटुंबाच्या दारात येऊन उभा राहतो. नाव नीट विचारून लिहिले होते की घाईने, आडनाव पोराच्या तोंडून ऐकून लिहिले की बापाला बसवून विचारले, हा पेशाच्या नीतीचाच प्रश्न आहे. आपल्याकडे त्याला कारकुनी म्हणतात. मला ते मान्य नाही.

शिक्षकाने कसे वागावे याबद्दल महाराष्ट्रात निदान चार वेगवेगळ्या विचारधारा रुजल्या आणि त्या एकमेकींत मिसळत आल्या. पहिली गुरुपरंपरेची. तिने शिक्षकाला आदर दिला, आणि त्याबरोबर प्रश्न न विचारला जाण्याचे कवचही दिले. गावोगावच्या पंतोजींच्या शाळा याच धारेतल्या. धान्याच्या रूपात मानधन, पाठांतर, आणि छडी. आजही पालक मुलाला शाळेत सोडताना 'सर, चुकला तर मारा, आमची तक्रार नाही' असे म्हणतात, तेव्हा हीच परंपरा बोलत असते. पालकांचा तो विश्वास खरा असतो. त्याचा आधार घेऊन छडी उचलणे मात्र त्या विश्वासाचा गैरवापर आहे.

दुसरी धारा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची. 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. शिक्षकाविषयी जोतीरावांनी जे मांडले ते मात्र फार कमी जणांना माहीत असते. 1882 मध्ये हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसा पगार मिळावा, महिन्याला 12 रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत 15 ते 20 रुपये असावा, अशी मागणी केली. शिक्षक शेतकरी समाजातून आलेला असावा, मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळणारा असावा आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायची त्याला लाज वाटू नये, हेही त्यांनी सांगितले. पगार आणि आचरण एकाच निवेदनात, शेजारीशेजारी. ही जोड नंतर तुटली. नीतीवर बोलणारे पगाराबद्दल गप्प राहिले आणि पगारासाठी लढणारे नीतीचा विषय निघाला की अस्वस्थ झाले. 1882 चे ते निवेदन प्रत्येक डीएड आणि बीएडच्या वर्गात मुळातून वाचून घ्यायला हवे.

तिसरी धारा सेवेची. 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आली, आणि सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवणारे वसतिगृह उभे राहिले. ते चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. त्याच संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय बंदराला लागून असलेल्या फुंडे गावात आहे. साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेत 1924 ते 1930 शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हाताने लिहिलेले दैनिक काढत. त्यांच्या नावाचे राष्ट्रीय स्मारक रायगड जिल्ह्यातच, माणगावजवळ वडघरला आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाड इथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची शाळा गुरे चरायच्या कुरणात नेली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जायचे. या धारेचे ऋण मोठे आहे. तिच्यातून एक अडचणही आली. शिक्षक म्हणजे त्याग असे समीकरण झाले आणि त्याचा फायदा संस्थाचालकांनी आणि सरकारने पुरेपूर घेतला. 2000 साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत प्राथमिक शिक्षकाला महिन्याला 3,000 रुपये मानधन होते. ते 16,000 व्हायला 2023 उजाडले. विनाअनुदानित शाळांमधले कितीतरी शिक्षक वर्षानुवर्षे अनुदानाच्या आशेवर जवळजवळ फुकट शिकवत राहिले. पगारपत्रकावर पूर्ण रकमेची सही घ्यायची आणि हातात कमी पैसे ठेवायचे, हा प्रकार या पेशात कुणाला ठाऊक नाही? ज्याला स्वतःलाच रोज खोटी सही करायला लावली जाते, त्याच्याकडून मुलांच्या गुणपत्रिकेवर खरी सही मागायची, हा मोठा अन्याय आहे.

चौथी धारा नियमांची. जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्या आणि प्राथमिक शिक्षक त्यांचा सेवक झाला. त्याला 1967 चे जिल्हा परिषद सेवा वर्तणूक नियम लागू होतात. खाजगी शाळांसाठी 1977 चा सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालची 1981 ची नियमावली आहे. शिक्षकांच्या बोलण्यात हीच 'एमईपीएस'. त्यात कर्तव्ये आणि आचारसंहिता आहे, गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कामातला जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा आणि अकार्यक्षमता यांची फोड आहे, चौकशी समितीची रीत आहे, आणि अन्यायाने काढलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट आहे. या कायद्याने संस्थाचालकांच्या लहरीवर नोकरी जाण्याचे दिवस बऱ्याच अंशी संपवले. हे शिक्षकांच्या संघटनांनी मिळवलेले यश आहे. 1977-78 चा 54 दिवसांचा संप आठवणारे शिक्षक अजून आपल्यात आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण या नियमांना एक मर्यादा आहे. ते मालक आणि नोकर यांच्यातले नियम आहेत. त्यांत मूल क्वचितच दिसते.

मूल मध्यभागी आले ते 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. कलम 17 ने मारणे आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. कलम 24 ने शिक्षकाची कर्तव्ये सांगितली. वेळेवर येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची कुवत ओळखून जास्तीची मदत करणे, पालकांशी बोलणे. कलम 28 ने खाजगी शिकवण्यांना मनाई केली. कलम 27 शिक्षकाच्या बाजूने आहे: जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून दुसऱ्या कामाला त्याला लावू नये. हे शेवटचे कलम किती पाळले जाते हे ज्याने मतदारयादीच्या कामासाठी बीएलओची पिशवी गळ्यात अडकवून दारोदार फेऱ्या मारल्या आहेत त्याला विचारावे. निवडणुकीचे काम कायद्यात बसते, पण बाकीची सर्वेक्षणे आणि पोर्टलवर रोज भरायची माहिती कायद्याच्या कुठल्या ओळीत बसते, हे कुणी सांगत नाही.

जगात काही ठिकाणी या पेशाने वेगळा रस्ता धरला. स्कॉटलंडमध्ये 1965 च्या कायद्याने शिक्षकांची स्वतःची परिषद स्थापन झाली. नोंदणी तिच्याकडे, आचरणाचा निवाडाही तिच्याकडे. 1966 मध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी शिक्षकांच्या दर्जाविषयी शिफारशी केल्या, त्या स्वीकारल्याचा 5 ऑक्टोबर हा दिवस आता जागतिक शिक्षक दिन आहे. आपल्याकडे डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची आहे. शिक्षकांची नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक संघटनांनीच आचारसंहिता तयार करून ती पाळली जाते का हे पाहावे, असे सुचवले होते. मसुदे झाले, छापले गेले, शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोहोचले नाहीत. 2020 च्या धोरणात शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकांची तरतूद आली आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने त्यावर काम केले. ती मानके वाचून शिक्षकाला आपली पायरी कळेल. वर्गात रडणाऱ्या मुलाशी कसे बोलायचे ते त्यातून कळणार नाही.

इथे मला गागोद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. उरणला लागून असलेल्या पेण तालुक्यातल्या या गावी 1895 मध्ये विनोबांचा जन्म झाला. 1968 मध्ये बिहारमध्ये कहलगाव इथे त्यांनी आचार्यकुलाची स्थापना केली. त्यांचे म्हणणे साधे होते. न्यायाधीशाला पगार सरकार देते, पण निकाल काय द्यायचा हे सरकार सांगू शकत नाही. शिक्षकाचेही तसेच असावे. पगार सरकारचा, पण काय शिकवायचे, कसे वागायचे, चुकलेल्या सहकाऱ्याला कसे आवरायचे, हे शिक्षकांनी मिळून ठरवावे, आणि पक्षीय राजकारणापासून दूर राहावे. आचार्यकुल फार वाढले नाही. ते ज्या उंचीवरून बोलत होते तिथे पोटापाण्याच्या लढ्यात गुंतलेला शिक्षक पोहोचणे कठीण होते. तरी त्यातला मूळ विचार मला अजूनही सर्वांत बरोबर वाटतो. आचरणाचा पहारा बाहेरून बसवला की तो फक्त पकडला जाण्याची भीती निर्माण करतो. बायोमेट्रिक हजेरी लावली की शिक्षक वेळेवर येतो, वर्गात मनाने हजर असतो की नाही हे ते यंत्र सांगत नाही. पहारा पेशाच्या आतून असावा लागतो, आणि तसा तो असायचा तर सहकाऱ्याच्या चुकीबद्दल बोलायची सवय लागते. ही सवय आपल्या शिक्षकांच्या खोल्यांत जवळजवळ नाही.

ती नसल्याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली आणि कागदावरची लाखो मुले शाळेत नाहीत असे दिसले. निम्म्याहून कमी उपस्थिती सापडलेल्या शाळांचा आकडा 1,404 होता. तो पट कुणी लिहिला होता? संस्थाचालकाने दबाव आणला असेल, तुकडी टिकवायची असेल, अतिरिक्त ठरण्याची भीती असेल. हे सगळे खरे धरले तरी हजेरीपटावर रोज 'ह' लिहिणारा हात शिक्षकाचाच होता. 2021 च्या डिसेंबरात शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा उघड झाला. गुण वाढवून घेतलेल्या सात हजार आठशेच्या आसपास उमेदवारांना पुढे अपात्र ठरवले गेले. मुलांना कॉपी करू नका असे सांगण्याची परवानगी मिळवण्यासाठीच कॉपी झाली. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. पंचवीस वर्षे शिकवल्यावर पुन्हा परीक्षेला बसावे लागणे अनेकांना अपमान वाटते आणि ते दुःख मी समजू शकतो. पण ही वेळ कुणामुळे आली, याचाही विचार या पेशाने करायला हवा.

पुस्तकातला एक प्रश्न अगदी इथला आहे. शिक्षकाने मुख्यालयी राहावे, हा जुना दंडक. उरणमध्ये बंदर आले, भाडी चढली, तालुका नवी मुंबईच्या बाजारभावात ओढला गेला. जिल्हा परिषदेचे बरेच शिक्षक पनवेल, पेण किंवा अलिबागहून येतात. अलिबागकडून येणारे रेवसला लाँच धरतात आणि करंजाला उतरतात. पावसाळ्यात खाडी खवळली की लाँच थांबते आणि पहिला तास जातो. घरभाडे भत्ता मिळावा म्हणून गावात राहत असल्याचा कागद जोडला जातो, त्यावर ग्रामपंचायतीची सही येते, आणि गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते की गुरुजी इथे राहत नाहीत. मी कुणा एका शिक्षकाला दोष देत नाही. भाडे परवडत नसेल तर ते उघड सांगून भत्त्याचा नियम बदलून घेण्याची ताकद संघटनांकडे आहे. दरवर्षी खोट्या कागदावर सही करत राहणे हा मात्र मार्ग नाही. कारण ती सही गावाने पाहिलेली असते, आणि त्याच गावातल्या मुलीच्या निबंधाखाली 'खरे लिहीत जा' असा शेरा तोच शिक्षक देतो.

शिकवण्यांचेही तसेच. वर्गात अर्धे शिकवायचे आणि उरलेले संध्याकाळी शिकवणीत, हे ज्या शाळेत चालते तिथे शिकवणीला न येणारे मूल रोज थोडे मागे पडते. ठरावीक दुकानातूनच वह्या आणि गणवेश घ्यायला लावणे, फी थकली म्हणून शाळा सोडल्याचा दाखला अडवणे, हेही त्याच घरातले प्रकार. शाळा बदलणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकाने तातडीने द्यावा, उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो. तरी दाखल्यासाठी शाळेच्या पायऱ्यांवर ताटकळणारी आई अजून दिसते.

यापेक्षा नाजूक भाग बोलण्याचा. न्हावा शेव्याच्या परिसरातल्या एका वर्गाची कल्पना करा. पहिल्या बाकावर आगरी आणि कोळी घरांतली मुले. मागे उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडमधून यार्डात कामाला आलेल्या मजुरांची मुले. दिवाळीनंतर गायब होणारी आणि पावसाच्या तोंडावर परतणारी कातकरी मुले, कारण आईबाप वीटभट्टीवर गेलेले असतात. गुरुजी प्रश्न विचारतात. आगरी मूल उठून म्हणते, 'मना नाय ठाव.' वर्ग हसतो. या क्षणी शिक्षकाने काय करावे? तोही हसला तर ते मूल पुढचे कित्येक महिने हात वर करणार नाही. त्याने 'मला माहीत नाही असे म्हण' असे दरडावले तर मूल उत्तराऐवजी भाषेलाच घाबरायला शिकते. त्याने हसणाऱ्यांकडे नुसते पाहिले, आणि त्या मुलाला 'बरं, मग आपण दोघं मिळून शोधू' असे सांगितले, तर दोन वाक्यांत नीतीचा अख्खा धडा होतो. कुठल्याही आचारसंहितेत हे कलम नाही. कातकरी मुलाला आडनावाऐवजी जातीने हाक मारणे, झारखंडच्या मुलीचे नाव नीट उच्चारण्याचा प्रयत्नही न करणे, वीटभट्टीवरून आलेल्या मुलाला सर्वांसमोर 'एवढे दिवस कुठे होतास' असे विचारणे, यांतल्या कशासाठीही कुणी निलंबित होत नाही. जखम मात्र जन्मभर राहते.

आणि जिथे कायदा अतिशय कडक आहे तो भाग, मुलांची सुरक्षितता. 2012 चा पोक्सो कायदा शाळेतल्या कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार अधिक गंभीर मानतो. घटना कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही त्यात गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने लपवले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत अगदी लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले तेव्हा राज्य हादरले. त्यानंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समित्यांचे आदेश पुन्हा निघाले. आदेश हवेतच. पण मूल काही सांगू पाहते तेव्हा त्याचे पहिले ऐकणारे माणूस बहुधा वर्गशिक्षिका असते. शाळेचे नाव खराब होईल या भीतीने तिने ते दाबले तर कुठलाही कॅमेरा उपयोगाचा नाही. या बाबतीत दुसरे मत असू शकत नाही.

आज हा विषय का, याचे उत्तर खिडकीबाहेर दिसते. 12 जानेवारी 2024 रोजी 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल पोहोचली. न्हावा शेवा हे तेव्हा स्थानकाचेही नाव झाले. नवी मुंबईचा विमानतळ आला. जमिनीला पुन्हा भाव आला आणि गावाबाहेर इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत पट घसरला. समोर घारापुरीचे बेट उरण तालुक्यातच येते. तिथे वीज पोहोचली ती 2018 मध्ये. अशा ठिकाणी शाळेत मोजकी मुले असतील तर ती शाळा चालवावी की बंद करावी, हा प्रश्न सरकार आकड्यांत सोडवते. त्या मोजक्या मुलांचा शिक्षक तो प्रश्न रोज होडीतून उतरताना पायांनी सोडवतो. पालकांचा सरकारी शाळेवरचा विश्वास परत आणायचा तर इमारतीला रंग देऊन तो येणार नाही. तो शिक्षकाच्या वागण्याने येतो, आणि तेवढ्यानेच येतो. 2020 मध्ये परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा परिषदेच्या एका शिक्षकाची ती कृती गावोगावच्या पालकांनी लक्षात ठेवली.

हे पुस्तक नियमांचे संकलन नाही. नियम त्यात आहेत, कलमांसह आहेत, कारण आपले हक्क आणि मर्यादा दोन्ही माहीत नसलेला शिक्षक घाबरून वागतो. पण पुस्तकाचा जीव प्रसंगांत आहे. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या शिक्षकांनी आपल्या शाळांत घडलेले, नावगाव बदललेले प्रसंग इथे लिहिले आहेत, आणि प्रत्येक प्रसंगापुढे निकाल न देता प्रश्न ठेवले आहेत. नापास होणाऱ्या मुलीला चार गुण वाढवावेत का, जर नापास झाली तर तिचे लग्न लावून देणार असल्याचे आईने सांगितले असेल? सहकारी दारू पिऊन शाळेत येतो आणि त्याच्या घरी तीन मुले आहेत, तर काय करावे? स्थानिक पुढाऱ्याच्या मुलाला स्नेहसंमेलनात पहिला नंबर द्या असा निरोप आला तर? या प्रश्नांना सोपी उत्तरे नाहीत, आणि लेखकांनी ती असल्याचा आव आणलेला नाही याचे मला समाधान वाटते. माझी स्वतःची मते वर आली आहेत; वाचकांनी ती बाजूला ठेवून प्रसंग वाचले तरी चालेल.

एक उणीव सांगतो. शिक्षकेतर कर्मचारी, म्हणजे शिपाई, लिपिक, स्वयंपाकी ताई, यांचा आवाज या पुस्तकात कमी आहे. मुलाशी दिवसातून सर्वांत जास्त वेळा त्यांचाच संबंध येतो. पुढच्या आवृत्तीत तो यावा.

मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना एक विनंती आहे. महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून झाली की या पुस्तकातला एकच प्रसंग घ्या आणि अर्धा तास त्यावर बोला, मोबाइल बाजूला ठेवून. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही घ्या. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांनाही या प्रश्नांवर सांगण्यासारखे बरेच असते, फक्त त्यांना कुणी विचारलेले नसते.